निम्मं पाणी म्हणजे कशाचं निम्मं?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या राज्यांमध्ये नदीच्या पाण्याचा कायदा ठरवताना वाटाघाटी कशा होतात, आणि संसद एकच कडक कायदा करून हे तंटे कायमचे का मिटवत नाही. ‘कडक कायदा’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. मी धर्माबाद भागातला, म्हणजे नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेवरचा दस्तलेखक. एकतीस वर्षं टेबल टाकून वाटणीपत्रं, खरेदीखतं, बक्षीसपत्रं लिहिली. पाण्याचा कागद कसा फसतो हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. मी स्वतः एक फसवलाय.

कायद्यांची कमी नाही हे आधी सांगून टाकतो. घटनेचं 262 वं कलम आहे, राज्याराज्यांतले नदीपाण्याचे तंटे सोडवायला संसदेला कायदा करू देणारं. 1956 चा आंतरराज्य पाणीतंट्यांचा कायदा आहे. त्याच साली नदी मंडळांचाही कायदा झाला, त्याखाली आजवर एकसुद्धा मंडळ उभं राहिलं नाही. 2002 मध्ये दुरुस्ती करून लवादांना मुदती घातल्या, त्या कोण पाळतं ते सगळ्यांना दिसतंय. 2019 च्या जुलैत लोकसभेनं देशासाठी एकच कायमचा लवाद नेमायचं विधेयक मंजूर केलं, पुढं त्याचा कायदा काही झाला नाही. का झाला नाही, तर पाणी हा राज्यांच्या यादीतला विषय आणि त्या यादीला हात लावलेला कुठल्याच मुख्यमंत्र्याला खपत नाही, पक्ष कोणताही असो.

आता माझा कागद. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. दोन भाऊ आले, बापाची जमीन वाटून घेतलेली, विहीर मात्र एकच. मी चतुःसीमा लिहिल्या, गट नंबर लिहिले, बांधावरचा आंबा कोणाचा तेही लिहिलं. विहिरीपाशी आलो आणि एका ओळीत उरकलं: ‘विहिरीतील पाणी उभयतांनी निम्मे निम्मे वापरावे.’ वाचून दाखवलं, दोघांनी माना डोलावल्या, सह्या झाल्या, थोरल्यानं पेढे आणले. दोन पावसाळे बरे गेले. तोवर त्या ओळीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण विहीर तुडुंब होती आणि तुडुंब विहिरीला कागद लागत नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये पाणी तळाला गेलं. थोरल्याच्या शेतात मिरची, धाकट्याचा हरभरा निघून गेलेला पण उन्हाळी भुईमूग उभा. थोरला म्हणाला, माझं निम्मं मी दिवाळीपासून जपून ठेवलंय, आता उरलंय ते माझंच. धाकटा म्हणाला, आज विहिरीत आहे त्याचं निम्मं माझं. लाइट यायची रात्री, मोटार थोरल्याच्या नावावर. एका रात्री धाकट्यानं स्टार्टरची वायर तोडली, सकाळी डोकी फुटली. प्रकरण कोर्टात गेलं आणि मला साक्षीला बोलावलं. समोरचा वकील पोरगेलासा होता. त्यानं माझाच कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, “काका, निम्मं म्हणजे कशाचं निम्मं? वर्षाच्या पाण्याचं, रोजच्या पाण्याचं, की तासांचं?” मी गप्प. चतुःसीमा पाठ असलेला माणूस मी, आणि कठड्यात उभा राहून घाम पुसत होतो. न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला अजून आठवतं.

यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंअधिक येऊन गेलं. राज्याराज्यांच्या करारांत हेच होतं. किती, ते लिहितात. कधी, आणि कमी पडलं तर कसं, ते लिहीत नाहीत. त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. ते लिहायला बसलं की सही होत नाही.

आमच्या दाराशीच बघा. 6 ऑक्टोबर 1975 ला महाराष्ट्र आणि आंध्रचा गोदावरीचा करार झाला. पैठणपर्यंतचं सगळं पाणी आपलं, आणि त्याच्या खाली पोचमपाडपर्यंत (निजामाबादकडचं गोदावरीवरचं धरण, तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात) नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसीपर्यंत आपलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. 1980 च्या गोदावरी लवादाच्या निवाड्यात तो करार जाऊन बसला. पोचमपाडचा फुगवटा, म्हणजे धरणामागं साचून मागं सरकणारं पाणी, आपल्या हद्दीत आत येतो. त्या फुगवट्यातच आपण बंधारा बांधायचा की नाही, याबद्दल कागद गप्प. मग आपण धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळीचा बंधारा काढला, 2.74 टीएमसीचा. आंध्र 2006 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2010 च्या जुलैत आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदार-खासदार घेऊन इथं आले, त्यांना अटक झाली आणि आमचं गाव देशाच्या बातम्यांत आलं. 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला: बंधारा राहू दे, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलाचा साखरपुडा होता. मुलगी निजामाबादकडची. आमच्या भागात ही सोयरीक नवी नाही, सीमा नंतर आली, नाती आधीची आहेत. व्याह्यांची (आम्ही इवाई म्हणतो) जमीन पोचमपाडच्या कालव्याखाली, धान आणि हळद. पंगतीत ते मला म्हणाले, “बावगारू (तेलुगूत सोयऱ्याला मानानं असं म्हणतात), आता तर झालं ना समाधान? कोर्टानं तुमचा बंधारा ठेवला.” मी म्हटलं, पाव्हणे, पावसाळाभर दरवाजे उघडे आणि नदी सरली की बंद, हा बंधारा की शोभेची कमान? ते म्हणाले, पाणी चोरायला बांधला होता. मी ताटावरून उठलो. पोरांची लग्नं झाली, पण आम्ही दोघं वर्षभर एकमेकांशी बोललो नाही.

माझं म्हणणं आजही तेच आहे. परतीचा पाऊस चांगला झाला तर 28 ऑक्टोबरनंतर दरवाजे टाकूनही पाणी अडतं. ज्या वर्षी तो दगा देतो, नेमकं ज्या वर्षी आम्हाला बंधाऱ्याची गरज असते, त्या वर्षी चौदा दरवाजे टाकून वाळू अडवायची. या कागदावर तारीख आहे, पण तारीख पंचांगाची आहे, नदीची नाही. व्याही म्हणतात, तारखा नव्हत्या तेव्हाही तुम्ही रडत होता.

कृष्णेकडं हेच मोठ्या मापात झालं, आणि तुमचा कायद्याचा प्रश्न खरा तिथं भिडतो. बच्छावत लवादानं 1973 साली 75 टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या 75 वर्षी तरी नदीत मिळेल असं, 2060 टीएमसी पाणी वाटलं: महाराष्ट्र 560, कर्नाटक 700, आंध्र 800. हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी दोन योजना लिहिल्या होत्या हे फारसं कुणी सांगत नाही. ‘अ’ योजनेत हे आकडे. ‘ब’ योजनेत कमी पावसाच्या वर्षी तूट कोणी किती सोसायची, जादा वर्षी जादा पाणी कसं वाटायचं आणि ते बघायला कृष्णा खोऱ्याचं प्राधिकरण. पण ‘ब’ लागू व्हायला एक तर राज्यांची संमती हवी होती, नाही तर संसदेचा कायदा. संमती मिळाली नाही आणि संसदेनं कायदा केला नाही. म्हणजे तुम्ही विचारता तो कडक कायदा करायची वेळ तेव्हाच येऊन गेली होती. दुसऱ्या लवादानं 2010 मध्ये 65 टक्के विश्वासार्हता धरून आणखी पाणी वाटायला काढलं, तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं 2011 पासून राजपत्राबाहेर अडकला. नदी तीच. टक्के बदलले की कागदावर पाणी वाढतं. वाटाघाटींतली निम्मी लढाई याच टक्क्यांवर होते, आणि ती दोन्हीकडचे अभियंते लढतात. मंत्री फोटोला येतात.

कावेरीत निदान महिना महिना लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं कर्नाटकानं तमिळनाडूला वर्षाला 177.25 टीएमसी सोडायचं, महिन्यांच्या हप्त्यांनी, आणि देखरेखीला प्राधिकरण. तरी 2023 ला पाऊस कमी झाला आणि बंगळुरू बंद पडलंच. तुटीचं सूत्र तिथंही दोघांना मान्य होईल असं नाही. आणि करार केला तरी तो टिकेलच असं कोण म्हणतं? पंजाबनं 2004 मध्ये विधानसभेत कायदा करून पाण्याचे जुने करारच मोडीत काढले. 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनेत बसत नाही असं मत दिलं. हरियाणाला त्याच्या वाट्याचं सगळं पाणी अजून मिळालेलं नाही.

तेव्हा तुम्ही जर अभ्यासासाठी मसुदा लिहीत असाल (प्रश्नावरून तसं वाटलं), तर पहिलं कलम दुष्काळी वर्षाचं घाला. आकडे मागनं. धरणं भरलेली असताना ते कलम मान्य करून घ्या, मार्चमध्ये कुणी सही करणार नाही.

एक राहिलं. मी वकील नाही, अभियंता तर नाहीच, आणि बाभळीचं पाणी माझ्याच शिवाराला लागतं, त्यामुळं माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या. 0.6 टीएमसीचा आकडा हवेतला नाही हेही कबूल करतो. दोन्ही जलाशयांचा सामाईक भाग तेवढाच आहे, म्हणून तो खाली द्यायचा. हे व्याह्यांनी मला समजावलं होतं, मी तेव्हा ऐकलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. धाकट्या भावाशी एका बोअरवरून वाद चाललाय, वाटणीचा मसुदा सांगा म्हणाले. मी म्हटलं, पहिलं कलम लिहा: बोअर आटली तर. ते म्हणाले, “बावगारू, आमच्याकडं कालवा आहे, बोअर आटत नाही.”

मी म्हटलं, तरी लिहा.