वाचक विचारतात : गिधाडांची पैदास एवढी सावकाश का?

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड पैदास केंद्रातून वीस गिधाडं पेंच आणि ताडोबात आणली. अंडी यंत्रात उबवून ती झपाट्यानं वाढवता येत नाहीत का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : अंडी यंत्रात उबवतातच, पण मुळात ती मिळतात फार थोडी. गिधाड वयात यायला सुमारे पाच वर्षं लागतात आणि जोडीला वर्षाकाठी एकच अंडं होतं. त्यावर उपाय असा, की पहिलं अंडं घातल्यावर लवकरच उचलून यंत्रात ठेवायचं. घरटं रिकामं दिसलं की बऱ्याच जोड्या काही आठवड्यांत दुसरं अंडं घालतात आणि ते मात्र त्यांनाच उबवू द्यायचं. उशीर केला तर दुसरं अंडं मिळत नाही.

जोड्या लावणंही सोपं नाही. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे ओळख डीएनए तपासणीनं करावी लागते. शिवाय हा पक्षी थव्यानं राहणारा. म्हणून सुमारे १०० फूट लांब, ४० फूट रुंद आणि २० फूट उंच पिंजऱ्यात अनेक पक्षी एकत्र सोडतात आणि जोडीदार त्यांचा त्यांनाच निवडू देतात. लांब चोचीचं गिधाड कड्यावर घरटं करतं, त्याच्यासाठी भिंतीला कपारीसारखे कट्टे लागतात. घरट्यासाठी काटक्या आणि हिरवा पाला पुरवायचा. पाहणी कॅमेऱ्यातूनच करायची, कारण माणसाच्या वावरानं बिथरलेली जोडी अंडं सोडून उठते.

खाण्यासाठी आणलेल्या शेळ्या आधी आठवडाभर वेगळ्या ठेवतात, म्हणजे अंगात वेदनाशामक असलंच तर ते निघून जातं. ही खबरदारी सोडून चालणार नाही. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मांसातून पोटात गेलं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, यूरिक आम्ल आतड्या-काळजावर पांढऱ्या थरासारखं साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो.

प्रश्न : डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, मग अजून भीती कसली? पशुपालकांनी काय करावं? – एक वाचक, यवतमाळ

उत्तर : बंदी जनावरांच्या औषधावर होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची केली. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही बंद झाली. शंभर मढ्यांत एखाद्यात जरी डायक्लोफेनॅक असलं, तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढं पुरतं. एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो ना!

जनावरांच्या डॉक्टरांकडे गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अॅसिड मागा. यांखेरीज दुसरं वेदनाशामक दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.