मुलगी साडेतीन वर्षांची आहे, शाळेआधी मराठी वाचायला कसं शिकवू?

आधी घाई सोडा. पहिलीला सहावं पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्या हातात अडीच वर्षं आहेत.

'अ अननसाचा'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने घोकून घेऊ नका. आमच्या लेकाला सगळी मुळाक्षरं तोंडपाठ होती, पण 'घर' वाचता येत नव्हतं! मग पाच-सहाच अक्षरं घेतली: र, द, प, ळ, म, न. त्यांचेच शब्द बनवले. लोकलच्या पाट्या तर फुकटचं पुस्तक. 'परळ'मध्ये एकही काना-मात्रा नाही. तो 'प...र...ळ' म्हणत राहिला आणि गाडी सुटता सुटता 'परळ!' असा ओरडला. पुढचं स्टेशन दादर, तिथे काना आपोआप कळला.

घ-ध आणि भ-म या जोड्या एकत्र शिकवू नका, हमखास गोंधळ होतो. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, त्यामुळे कुर्ला तूर्तास बाद.

रोज दहा मिनिटं पुरे. कंटाळली की थांबा. रात्री मात्र गोष्ट तुम्हीच वाचून दाखवा, ओळीखालून बोट फिरवत. लिहिण्याचा आग्रह इतक्यात नको, बोटं अजून तयार नसतात.