आधी तिचे काम लिही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे प्रकरण मिळाले, सोबतची चिठ्ठीही वाचली. झारच्या घराण्यातल्या नतालिया आंद्रोसोवाला रशियन क्रांतीची बळी म्हणावे की नव्या राजवटीशी जुळवून घेतलेली बाई म्हणावे, हे ठरत नाही म्हणून तुझे लेखन अडले आहे. ते आत्ता ठरवण्याची काही गरज नाही. तिने जन्मभर कोणते काम केले ते आधी लिही. ते कागदावर उतरेपर्यंत तिला कोणतेही विशेषण लावण्याचा अधिकार तुलाही नाही आणि मलाही नाही.

तुझी निम्मी पाने वंशावळीत गेली आहेत. झार पहिल्या निकोलसची ती खापरपणती, एवढे एका वाक्यात सांगून होते. आजोबा निकोलाय कॉन्स्तान्तिनोविच यांच्यावर तू रमली आहेस, पण भलत्याच जागी. १८७४ साली आईच्या देवचित्राच्या चौकटीतले हिरे चोरल्याचा त्यांच्यावर आळ आला आणि घराण्याने त्यांना वेडे ठरवून राजधानीबाहेर काढले, हा किस्सा सगळेच सांगतात. पुढे ताश्कंदला राहून त्यांनी तिथल्या ओसाड गवताळ प्रदेशात पदरच्या पैशाने कालवे खणवले आणि कोरड्या जमिनीला पाणी दिले, याला मात्र तुझ्याकडे अर्धी ओळ मिळाली आहे. हे मला मान्य नाही. माणसाचे काम आधी येते, हे तुला वर्गात कितीदा सांगितले आहे.

आता ‘ती देश सोडून का गेली नाही’ या तुझ्या प्रश्नाविषयी. तिचा जन्म ताश्कंदचा, फेब्रुवारी १९१७ मधला. त्यानंतर काही आठवड्यांतच झारने सिंहासन सोडले. जुलै १९१८ मध्ये आलापायेव्स्कला तिच्या वडिलांचे तीन चुलतभाऊ मारले गेले. जानेवारी १९१९ मध्ये आजोबांचे धाकटे भाऊ दिमित्री यांना पेत्रोग्रादच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच महिन्यात ताश्कंदमधला बोल्शेविकांच्या, म्हणजे नव्या क्रांतिकारी राजवटीच्या विरुद्धचा उठाव फसल्यावर त्यात सामील असलेले तिचे वडील निघून गेले, ते अखेर फ्रान्सला पोचले. मागे राहिली आई आणि दोन मुले. आईने दुसरे लग्न केले, सावत्र वडिलांनी मुलांना आपले आडनाव दिले आणि कुटुंब मॉस्कोला आले. दोन वर्षांच्या पोरीने देश सोडायचा की नाही हे कसे ठरवायचे होते, ते तूच मला सांग. तिच्या हातात होते ते पुढचे आयुष्य, आणि त्याचे तिने काय केले, एवढेच तपासण्यासारखे आहे.

ती मोटारसायकल चालवत असे. मॉस्कोच्या गॉर्की पार्कमध्ये लाकडी फळ्यांची गोल उभी भिंत होती, आपल्या जत्रांत ‘मौत का कुआँ’ असतो तशीच. प्रेक्षक वरच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहत आणि ती त्या भिंतीवर जमिनीला समांतर गाडी फिरवी. वेग जरा उतरला की चाकाची पकड सुटते आणि स्वार तळाशी कोसळतो. तिथे आडनावाचा किंवा रक्ताचा काही उपयोग नसतो. युद्धकाळात तिने ट्रक चालवला. चित्रपट दिग्दर्शक निकोलाय दोस्ताल यांच्याशी तिने लग्न केले. १९५९ मध्ये ते चित्रीकरणाच्या वेळी अपघातात गेले, तेव्हा दोस्ताल यांचे दोन मुलगे तिने वाढवले. थोरला पुढे मोसफिल्म या चित्रपटसंस्थेचा प्रमुख झाला, धाकटा दिग्दर्शक. कवी आंद्रेइ वोझ्नेसेन्स्की यांनी तिला कविता अर्पण केली, ती त्या भिंतीवरच्या स्वारीसाठी. झारच्या घराण्यातली म्हणून नव्हे. एका कवीला जे दिसले, ते इतिहासाच्या विद्यार्थिनीला दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

माझा आवाज चढला असेल, तर त्याचे कारणही सांगतो. तालुक्याच्या कॉलेजात मी जन्म काढला. ‘सर, तुम्ही पुण्याला का गेला नाहीत’ असे मला आजही विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या नजरेत उत्तर आधीच ठरलेले असते. पडक्या वाड्यांच्या माळ्यांवरून मोडी कागदांचे रुमाल खाली उतरवून, वाळवी झटकून, एकेका कागदाची यादी करत मी इथे राहिलो. मी राहिलो नसतो तर त्यांतले बरेचसे कागद बंबात गेले असते. मी का राहिलो याची चर्चा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती यादी उघडली? खंत आहे ती वेगळीच. नतालिया १९९९ पर्यंत मॉस्कोत हयात होती. मला रशियन येत होते, पत्र लिहिता आले असते. पण तिचे नाव माझ्यापर्यंत पोचले, ते ती गेल्यानंतर. तुझ्या हाती निदान कागद आहेत, म्हणून तुझ्यावर हा जाच.

तेव्हा प्रकरण गॉर्की पार्कातल्या भिंतीपासून सुरू कर. ट्रक आणि ती दोन मुले लगेच पुढे येऊ देत. हिऱ्यांची हकिकत तळटीपेत घाल, वंशावळ परिशिष्टात ने, आणि ताश्कंदच्या कालव्यांना नीट दोन पाने दे. एवढे झाल्यावरही बळी की तडजोड हा प्रश्न तुला छळत असेल, तर खुशाल वेगळे प्रकरण लिही. मी ते वाचेन आणि भांडेनही. सुधारलेला मसुदा दिवाळीच्या आत पाठव. छापील प्रत पाठव, पडद्यावर वाचणे आता मला जमत नाही.

तुझे,
सर