चाळीस पेट्या, सत्तेचाळीस गिऱ्हाइकं

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. तीन वर्षं वेबसाइटवरून पेट्या विकतो. यंदा अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर 40 पेट्या असताना 47 विकल्या गेल्या. शिवाय दोघांचे यूपीआयने पैसे गेले, पण आमच्याकडे ऑर्डरच दिसेना. मुलगी संगणकात एम.टेक. करते. तिला ऑनलाइन व्यापाराच्या यंत्रणांवरच संशोधन करायचंय. पण दुकानाची वेबसाइट आता कुणीही दोन दिवसांत उभी करतो. त्यात शोधायचं काय उरलं?
– एक बागायतदार

उत्तर : त्या सात जादा पेट्या आणि ती दोन हरवलेली गिऱ्हाइकं, हाच तर तिचा विषय आहे. तिला जरूर करू द्या.

सगळा हिशोब एकाच वहीत असता, तर प्रश्न केव्हाच सुटला होता. एकजण लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचं, एवढंच. पण तुमच्या पेट्यांची नोंद वेबसाइटकडे, पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेत आणि पार्सल कुरियरवाल्याकडे. दुसऱ्याची वही धरून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1978 मध्ये एक रीत मांडली होती : आधी सगळ्यांना ‘तयार आहात का?’ विचारायचं, सगळे हो म्हणाले की ‘करा’ सांगायचं. विचारणाराच मध्ये बंद पडला तर मात्र सगळे वह्या धरून खोळंबतात. आंब्याच्या पेटीसाठी कुठली बँक अशी थांबेल? 1987 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी वेगळी वाट काढली. लांबलचक व्यवहाराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याची भरपाई जोडून ठेवायची. पेटी नसेल तर पैसे परत. आजच्या अनेक मोठ्या यंत्रणा याच वाटेने जातात. पण सणाला पोचायची पेटी पोचली नाही, तर पैसे परत देऊन भरपाई होते का? मला तसं वाटत नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे न आलेलं उत्तर. माझ्या पहिल्या नोकरीत मी ऑर्डरचा प्रोग्राम लिहिला होता : बँकेचं उत्तर 30 सेकंदांत आलं नाही, की पुन्हा विचारा. एका रात्री नेटवर्क मंदावलं आणि कित्येकांचे पैसे दोनदा कापले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका आजींशी मी फोनवर बोलले. औषधाचे पैसे होते ते. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरायचं नसतं, हे तेव्हा पक्कं कळलं. प्रत्येक मागणीला तिचा स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचा आणि पुन्हा विचारतानाही तोच पाठवायचा, म्हणजे समोरच्याला ‘ही जुनीच’ हे ओळखता येतं.

अशा चुका चाचणीत सहसा सापडत नाहीत. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए-प्लस या गणिती भाषेत आपल्या यंत्रणा मांडून तपासल्या. तेव्हा डायनॅमोडीबी या त्यांच्या माहिती साठवणाऱ्या यंत्रणेत एक चूक सापडली, ती 35 पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडल्या तरच दिसणारी. माणसाच्या डोक्यात 35 पायऱ्या मावत नाहीत. ही तपासणी छोट्या दुकानदाराला परवडेल अशी करणं, हे फार मोलाचं काम राहिलंय.

आणि तुमच्या घरचा एक प्रश्न तर मला कुठल्या पुस्तकात भेटलेला नाही. वेबसाइटला वाटतं, शिल्लक म्हणजे आकडा. तुमची शिल्लक अढीत असते. गुरुवारी किती फळ तयार होईल, हे बुधवारी हात लावून कळतं. असा पिकता आकडा यंत्रणेत कसा मांडायचा? मुलीला एप्रिलमध्ये वही घेऊन अढीशेजारी बसू द्या.

तोवर वेबसाइटवाल्याकडून एवढं करून घ्या : गिऱ्हाईक पैसे भरायला गेलं की पेटी दहा मिनिटं त्याच्या नावाने बाजूला पडली पाहिजे. त्या दोघांकडून यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक मागवा आणि आपलं बँक खातं बघा. पैसे जमा असतील, तर निरोप तुमच्या वेबसाइटपाशी हरवलाय. पेटी किंवा पैसे तुम्हीच द्यायचे. जमा नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे रोजचे 100 रुपये गिऱ्हाइकाला मिळतात. हे त्यांना आजच फोन करून सांगा.