पारच्या वर गेलेले फटके : गोल्फविषयी प्रश्नोत्तरे

स्पर्धा संपल्यावर स्कोअरकार्डं तपासायला बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. ज्या होलवर (पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतच्या टप्प्यावर) घोळ झाला तिथला आकडा पुसट असतो, खोडलेला असतो, नाहीतर ती चौकट कोरीच असते. मला येणारी पत्रंही बहुतेक त्याच चौकटीविषयी असतात. पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, जास्त फटके झाले तर त्याला काय म्हणायचं, ते कसे मोजायचे, लिहायचे की नाही? अनेक वर्षं रेफरी म्हणून आणि हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला मिळणारी फटक्यांची सवलत) ठरवणाऱ्या कमिटीवर काम करताना मी हेच प्रश्न ऐकत आलो आहे, म्हणून यावेळी ते एकत्र घेतो.

प्रश्न : ऑफिसात एखाद्याचं काम 'बिलो पार' म्हटलं की ते वाईट. गोल्फच्या बातम्यांत मात्र 'अंडर पार' म्हणजे कौतुक. आणि आपल्याकडे एखादी गोष्ट 'पार केली' म्हणजे जिंकलीच. नेमकं काय समजायचं?

गोल्फमध्ये फटके मोजतात आणि ज्याचे कमी तो जिंकतो. धावांसारखं जितके जास्त तितकं चांगलं, असं इथे नाही. त्यामुळे पारच्या खाली असणं चांगलं आणि वर जाणं महागात पडणारं. मराठीतल्या 'पार'शी या शब्दाचा संबंध नाही. तो शेअर बाजारातून आला, तिथे त्याचा अर्थ दर्शनी किंमत.

पार म्हणजे स्क्रॅच खेळाडूने, म्हणजे अतिशय तयारीच्या खेळाडूने, एखादा होल किती फटक्यांत संपवावा याची अपेक्षा. ग्रीनवरचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या कातरलेल्या गवतावरचे, दोन पट (बॉल घरंगळत नेणारे हलके फटके) त्यात धरलेले असतात. पार ३ म्हणजे पहिल्याच फटक्यात ग्रीनवर, पार ४ म्हणजे दुसऱ्या, पार ५ म्हणजे तिसऱ्या. अठरा होलांच्या नेहमीच्या कोर्सवर पार ३ चे चार, पार ४ चे दहा आणि पार ५ चे चार होल धरले तर बेरीज ७२ होते. ७० आणि ७१ पारचे कोर्सही भरपूर आहेत. पार ७२ असताना तुम्ही ७५ मारलेत तर 'थ्री ओव्हर', फलकावर +३. ७० मारलेत तर -२. बरोबर ७२ म्हणजे 'ईव्हन पार'.

एकाच होलचा पार पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी, किंवा पुढच्या आणि मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून), वेगळा असू शकतो. तो ऐकीव माहितीवर धरू नका. कार्डावर छापलेला असतो, तो वाचा. शंका वाटली तर खेळायला निघण्याआधी कोर्सच्या ऑफिसात विचारा.

प्रश्न : एकाच फटक्यात बॉल होलमध्ये गेला तर तो ईगल की होल-इन-वन?

पार ३ वर दोन्ही, कारण ईगल म्हणजे पारपेक्षा दोन कमी. पार ४ वर तो होल-इन-वन आणि अल्बट्रॉस, म्हणजे तीन कमी.

प्रश्न : बर्डी, ईगल हे पक्षी समजतात. बोगी मध्येच कुठून आली? रेल्वेच्या डब्याचं नाव इथे का?

रेल्वेशी संबंध नाही. इंग्रजीत बोगी म्हणजे बागुलबुवा. १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये चांगल्या खेळाडूचे प्रत्येक होलचे ठरावीक फटके कागदावर मांडून त्या आकड्याशी सामना खेळायची पद्धत सुरू झाली. हा न दिसणारा प्रतिस्पर्धी कायम जिंकायचा, म्हणून त्याला बागुलबुवा म्हणू लागले. तेव्हा बोगी हा चांगला आकडा होता, हे लक्षात घ्या! पुढे खेळ आणि साधनं सुधारली, अमेरिकेत पार जास्त कडक ठरू लागला, आणि बोगीचा अर्थ पारपेक्षा एक जास्त असा झाला. दोन जास्त ती डबल बोगी, तीन जास्त ती ट्रिपल. त्यापुढे लोक सरळ आकडाच सांगतात.

खाली जाताना एक कमी ती बर्डी, दोन कमी तो ईगल, तीन कमी तो अल्बट्रॉस. अमेरिकेत त्यालाच डबल ईगल म्हणतात. १९३५ च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत जीन सारझन यांनी पंधरावा होल, पार ५ चा, दोन फटक्यांत संपवला आणि पुढे प्लेऑफ खेळून स्पर्धा जिंकली. अल्बट्रॉस इतका दुर्मीळ असतो की त्या फटक्याची आठवण आजही काढतात.

प्रश्न : बॉलला लागलंच नाही, बॅट नुसतीच हवेत फिरली. मोजायचा?

मारायच्या हेतूने क्लब पुढे आणलात ना? मग मोजायचा. (आणि ती बॅट नव्हे, क्लब.)

प्रश्न : आमच्या ओळखीतले एक जुने खेळाडू सांगतात की पारच्या दुप्पट फटके झाले की तो होल आपोआप संपतो, बॉल उचलायचा. हा नियम कुठे आहे?

असा सरसकट नियम कुठेच नाही. हे ऐकून कितीतरी नवे खेळाडू स्पर्धेतून बाद झालेले मी पाहिले आहेत, आणि सांगणारा मात्र दर वेळी सुखरूप असतो. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे सगळ्या फटक्यांची बेरीज करायच्या प्रकारात, बॉल होलमध्ये गेलाच पाहिजे. तो न घालता पुढच्या टीवरून खेळलात आणि चूक सुधारली नाहीत तर तुम्ही अपात्र. 'मॅक्सिमम स्कोअर' नावाचा एक प्रकार नियमांत आहे. त्यात एका होलवर जास्तीत जास्त किती लिहायचे हे कमिटी ठरवते, आणि ती मर्यादा पारच्या दुप्पटही असू शकते. स्टेबलफोर्ड या आणखी एका प्रकारात फटक्यांऐवजी गुण असतात. पारला दोन, बोगीला एक, बर्डीला तीन, आणि डबल बोगी किंवा त्याहून वाईटला शून्य. गुण मिळायची आशा संपली की तिथे बॉल उचलता येतो, आणि उचलावाच, मागचे लोक थांबलेले असतात. आज कोणत्या प्रकाराने खेळायचं आहे हे पहिल्या टीवर जाण्याआधी स्पर्धेच्या कमिटीला विचारा. जुन्या खेळाडूंना नको.

प्रश्न : मी दोन वर्षं खेळतो आहे. परवा खरे १०४ झाले. आमच्या गटात डबल बोगीच्या वर कुणी काही लिहीत नाही आणि दोन-तीन फुटांचे पट एकमेकांना 'दिला' म्हणून सोडून देतात, त्यामुळे कार्डावर ९५ आले. पारच्या इतकं वर जायची लाज वाटते. मैत्रीतच खेळतो, तर यात नुकसान कुणाचं?

तुमचंच. सविस्तर सांगतो, कारण ही सवय मला फार खुपते.

आधी लाजेविषयी. १८७० साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा होती. ए. एच. डोलमन या गोल्फवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी दोन व्यावसायिक खेळाडूंना विचारलं की इथले बारा होल बिनचूक खेळले तर किती फटके लागतील? त्यांनी ४९ सांगितले आणि डोलमननी त्या आकड्याला पार म्हटलं. तीन फेऱ्यांचे १४७ झाले. यंग टॉम मॉरिसने ती ओपन १४९ फटक्यांत जिंकली, दुसऱ्या क्रमांकाच्या बारा फटके पुढे राहून. म्हणजे पार हा शब्द गोल्फमध्ये आला तेव्हाही विजेता त्याच्या दोन वर होता. १९७४ ची यूएस ओपन हेल अर्विन यांनी +७ वर जिंकली. १९९९ ची ओपन पॉल लॉरी यांनी प्लेऑफमध्ये जिंकली, चार फेऱ्यांनंतर ते +६ वर होते. त्याच स्पर्धेत जाँ व्हॅन द व्हेल्द यांना शेवटच्या होलवर सहा पुरले असते. त्यांनी सात घेतले, ट्रिपल बोगी, सगळ्या जगासमोर, आणि कार्डावर सातच लागले. जगातले सर्वोत्तम खेळाडू पारच्या वर जातात तर दोन वर्षं खेळणाऱ्याने जाऊ नये, असं कुणी ठरवलं? हँडिकॅप पद्धतीत ज्याला 'बोगी गोल्फर' म्हणतात तो पुरुषांत साधारण २० हँडिकॅपचा आणि स्त्रियांत साधारण २४ चा खेळाडू. प्रत्येक होलवर एक जास्त घेतलात तर ७२ चे ९० होतात, आणि ९० हा आदर करावा असाच आकडा आहे.

आता हिशेब. तुमचा हँडिकॅप शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवरून निघतो. १०४ च्या जागी सतत ९५ लिहीत गेलात तर हँडिकॅप कागदावर खाली येतो आणि खऱ्या स्पर्धेत तुम्हाला हक्काचे फटके कमी मिळतात. जोडीच्या सामन्यात तुमच्याबरोबर तुमचा जोडीदारही हरतो. याच्या उलट करणारेही आहेत, ते मुद्दाम जास्त लिहून हँडिकॅप फुगवतात आणि बक्षिसं नेतात. ती तर सरळ फसवणूक आहे.

एका होलवर वाटोळं झालं म्हणून हँडिकॅप बिघडेल ही भीतीही अनाठायी आहे, पद्धतीने तिची सोय आधीच केली आहे. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त 'नेट डबल बोगी' धरतात, म्हणजे पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे हँडिकॅपचे फटके. पार ४ वर तुम्हाला एक फटका मिळत असेल तर मर्यादा सात. नऊ घेतलेत तर स्ट्रोक प्लेच्या कार्डावर नऊच लिहायचे, हँडिकॅपच्या हिशेबात सात जातील. ज्यांचा हँडिकॅप अजून निघालेला नाही त्यांच्यासाठी ही मर्यादा पार अधिक पाच. मग तुम्ही स्वतः आकडा कापता कशाला?

पट 'देणं' मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलागणिक जिंकायच्या सामन्यात, चालतं, प्रतिस्पर्धी तसा पट सोडू शकतो. स्ट्रोक प्लेमध्ये तो अधिकार कुणालाच नाही, मित्रालाही नाही. दोन फुटांचा पट चुकतो. मी स्वतः कितीदा चुकवला आहे.

आणि कार्ड. प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी खेळाडूची, बेरजेची कमिटीची. खरे होते त्यापेक्षा कमी लिहून सही केलीत तर अपात्र, जास्त लिहिलेत तर तो जास्तच कायम. (न कळलेल्या दंडाच्या फटक्याला थोडी सवलत आहे, पण ते कमिटी बघेल.) १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे व्हिसेन्झो यांनी सतराव्या होलवर तीन घेतले होते. मार्करने (त्यांचं कार्ड लिहिणाऱ्या सहखेळाडूने) चार लिहिले आणि त्यांनी न पाहता सही केली. ६५ चे ६६ झाले आणि प्लेऑफ एका फटक्याने हुकला. त्यांनी तक्रार केली नाही, दोष स्वतःकडे घेतला. मी प्रत्येक नव्या खेळाडूला ही हकीकत सांगतो.

पुढच्या फेरीला खरे आकडे लिहा. आतापर्यंतची कार्डं जमा केली असतील तर ती घेऊन तुमच्या हँडिकॅप कमिटीकडे जा आणि जे झालं ते सांगा. कमिटी शिक्षा करायला टपलेली नसते, बहुतेक वेळा दुरुस्ती कशी करायची तेच सांगते.

प्रश्न : एका ड्रायव्हरच्या (टीवरून लांब मारायच्या क्लबच्या) जाहिरातीत 'पहिल्याच महिन्यात सात फटके कमी' अशी हमी आहे. घ्यावा का?

कुणाचे सात, कोणत्या कोर्सवर, किती फेऱ्यांत? जाहिरातीत यातलं काही नसेल तर ती हमी नव्हे. पारच्या वर जाणारे तुमचे फटके नेमके कुठे जातात ते आधी पाहा, ते सगळे ड्रायव्हरने वाचत नाहीत. पैसे न भरता घरबसल्या हँडिकॅपचं 'प्रमाणपत्र' देणाऱ्या ॲपांपासूनही लांब राहा. स्पर्धेत मान्य होणारा हँडिकॅप अधिकृत संघटनेकडून किंवा तिच्याशी जोडलेल्या संस्थेतूनच मिळतो. क्लब विकत घ्यायच्या आधी प्रशिक्षित कोचकडून स्विंग पाहून घ्या आणि मोजमाप करून घ्या.

प्रश्न : टीवरून मारलेला बॉल झाडीत हरवला. आम्ही नियमाप्रमाणे पाच मिनिटं शोधला. नंतरचा फटका कितवा?

पाच मिनिटांचा नियम २०१९ मध्ये गेला. आता तीनच. तेवढ्यात बॉल सापडला नाही तर पुन्हा टीवर जायचं, एक फटका दंड, आणि तिथून मारलेला तिसरा. झाडीत गेल्यासारखं वाटलं की त्याच वेळी 'प्रोव्हिजनल बॉल' (तात्पुरता बॉल) असं स्पष्ट बोलून दुसरा बॉल मारायचा. हे न करता दोनशे यार्ड चालत जायचं, शोधायचं आणि परत यायचं, यात मागचे तीन गट उन्हात उभे राहतात. काही ठिकाणी दोन फटके दंड घेऊन पुढेच बॉल टाकायची सवलत स्थानिक नियमात असते. ती तुमच्याकडे आहे का, ते कार्डाच्या मागे पाहा किंवा रेफरीला विचारा.

प्रश्न : एका खेळाडूचा हँडिकॅप '+२' आहे असं वाचलं. म्हणजे तो पारच्या दोन वर खेळतो ना?

उलट. फलकावर +२ म्हणजे दोन जास्त. हँडिकॅपमध्ये प्लस २ म्हणजे तो स्क्रॅचपेक्षाही चांगला, त्याला स्वतःच्या झालेल्या फटक्यांत आणखी दोन वाढवावे लागतात.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वीच्या स्पर्धेत मला बक्षीस मिळालं. आता लक्षात येतं की अकराव्या होलवर मी पाचऐवजी चार लिहिले होते. सांगू का? आता उशीर झाला ना?

उशीर झालाच आहे, तो आणखी वाढवू नका. निकाल बदलेल की नाही हे स्पर्धा कधी संपल्याचं जाहीर झालं आणि सही करताना तुम्हाला काय माहीत होतं यावर ठरतं. तो निर्णय तुमचा नाही आणि पत्रावरून माझाही नाही. आजच कमिटीला फोन करा, आणि जमलं तर त्या दिवशीच्या तुमच्या मार्करलाही बरोबर घेऊन जा.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची. जवळजवळ प्रत्येक होलवर पारच्या दोन-तीन वर जाते आणि रडते. गोल्फ तिच्यासाठी नाही का?

पार तिच्यासाठी बांधलेला नाही, तो प्रौढ स्क्रॅच खेळाडूच्या अंतरावर बांधलेला आहे. तिला सगळ्यात पुढच्या टीवरून खेळवा. कोचबरोबर बसून प्रत्येक होलचा तिचा स्वतःचा पार ठरवा, आज पार ४ चा होल तिच्यासाठी सहाचा असू द्या, आणि दर काही महिन्यांनी तो कोचकडूनच तपासून घ्या. खरे फटके मात्र तिला तिच्या हातानेच लिहू द्या. आणि तिचं कार्ड वाचताना सातवर बोट ठेवण्याआधी विचारा की आज कोणता फटका छान बसला.