काढायचेच, तर लावता कशाला?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. होऊन हैदराबादला कंपनीत लागली. काम काय विचारलं, तर म्हणते, "डीएनएच्या अक्षरांना संरक्षक गट लावायचे. गिऱ्हाईक माळ ओवून झाली की ते काढून टाकतं." काढायचेच, तर लावता कशाला? आणि याचा पगार देतात?
– द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : दादा, पिंक बेरी होऊ नये, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून तुम्ही घडांना कागद गुंडाळता आणि तोडणीला काढून फेकता. त्याची मजुरी देताच की!

मुलीचं 'अक्षर' म्हणजे न्यूक्लिओसाइड : एक साखर आणि तिला जोडलेला ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन किंवा थायमीन. माळ ओवायची ती एका साखरेचा तीन नंबरचा हात दुसरीच्या पाच नंबरच्या हाताला जोडून. पण पहिल्या तिघांवर अमिनो गट असतात आणि ते मध्येच तोंड घालतात. म्हणून त्यांना संरक्षक गट : ॲडेनीन नि सायटोसीनवर बेंझॉइल, ग्वानीनवर आयसोब्युटिरिल. थायमीनवर अमिनो गटच नाही, त्यामुळे त्याला काही नेसवावं लागत नाही.

पाच नंबरच्या हातावर मात्र वेगळं झाकण लागतं, डायमेथॉक्सीट्रायटिल, आमच्या भाषेत डीएमटी. हे दर अक्षरामागे सौम्य आम्लाने काढायचं आणि तेवढ्यात बेंझॉइलने जागचं हलायचं नाही. ते निघायचं अगदी शेवटी, तीव्र अमोनियात 55 अंशांवर रात्रभर ठेवल्यावर. कोण आधी, कोण नंतर, हे जमवायला माणसांनी वर्षं घातली. डीएमटी 1960 च्या दशकात हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. आज तीन नंबरच्या हाताला फॉस्फोरामिडाइट, म्हणजे जोड घडवणारा फॉस्फरसचा गट लावतात, ती बोकाज आणि कॅरुथर्स यांची 1981 ची युक्ती.

डीएमटी सुटलं की द्रावण केशरी होतं. हळदीवर चुना पडून लाली येते, तिच्यापेक्षा उजळ. जोड किती साधले ते कळावं म्हणून मशीन तो रंग मोजतं, पण मी आधी डोळ्यांनीच बघायची. पुण्यात असताना एका जुलैत सातव्या अक्षरापासून रंग फिका पडत गेला. ॲसिटोनायट्राइल या द्रावकाच्या बाटलीचं बूच मीच ढिलं ठेवलं होतं. पावसाळी हवा आत शिरली आणि फॉस्फोरामिडाइट साखळीऐवजी पाण्याशी जुळलं. सगळं फेकावं लागलं. त्या दिवशी डबा तसाच घरी आला.

एवढं काय बिघडतं म्हणाल, तर हिशेब करा. 20 अक्षरांच्या माळेत 19 जोड. प्रत्येक जोड 99 टक्के साधला, तर पुऱ्या माळा साधारण 83 टक्के. 98 टक्के साधला, तर 68.

मुलीचा फोन आला की विचारा, डीएमटी काढताना आम्ल किती वेळ ठेवतात? जास्त राहिलं तर ॲडेनीन साखरेपासून सुटतं. बापाने हे विचारल्यावर ती लवकर फोन ठेवायची नाही.