भोकं पडलेल्या तुकड्याबद्दल आणि अल्पाकांबद्दल थोडं

बाळा,

तू पाठवलेला फेल्टचा, म्हणजे लोकर भिजवून चोळून केलेल्या कापडाचा, तुकडा मिळाला. दोन्ही बाजूंनी बघितला, मग खिडकीत उजेडासमोर धरला. मधे दोन भोकं, कडा जाडजूड, आणि एका कोपऱ्यात तर लोकर नुसती वरवर चिकटलीय, चिमटीत धरली की सुटून हातात येते. आणि सोबत तुझी चिठ्ठी, की अल्पाकाची, म्हणजे त्या उंटाच्या कुळातल्या केसाळ प्राण्याची, लोकर फेल्ट होतच नाही, यापुढे मेंढीचीच घेणार. अगं होते, आणि इतकी सुरेख होते की एकदा जमलं की तू दुसरं काही हातात धरणार नाहीस. पण तिची तऱ्हा वेगळी आहे, ती आधी समजून घे.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. कोमट पाणी आणि साबण लागला की ते जरा उघडतात, आपण चोळतो तेव्हा तंतू एकमेकांत सरकतात आणि खवले एकमेकांत अडकून बसतात, झालं फेल्ट. मेंढीच्या लोकरीत हे खवले चांगले उभे असतात, त्यामुळे ती पटकन धरते. अल्पाकाचे खवले बरेच चपटे, अंगाला चिकटलेले. म्हणून तर ती हाताला इतकी रेशमी लागते आणि म्हणूनच सुरुवातीला ती नुसती घसरत राहते. तुझा तुकडा बघून मला कळलं तू काय केलंस, पाच मिनिटात काही होत नाही म्हटल्यावर पाणी एकदम गरम घेतलंस आणि जोरात रगडलंस, बरोबर ना? त्या जोराने तंतू अडकण्याऐवजी बाजूला सरकले, जिथून सरकले तिथे भोक पडलं आणि जिथे जमा झाले तिथे गाठ.

आता नीट सांगते. लोकर मुठीने टाकू नकोस. पिंजलेल्या पेळूच्या टोकाला चिमटीत धरून इतकी पातळ बट ओढ की खालचं टेबल दिसलं पाहिजे. अशा बटा एकावर एक थोड्या चढवत आडव्या मांड, कौलं घालतात तशा, मग त्यावर दुसरा थर उभा, तिसरा पुन्हा आडवा. चार पातळ थर दोन जाड थरांपेक्षा कधीही चांगले. वर जाळी टाक, कोमट साबणाचं पाणी शिंपड आणि तळहाताने नुसतं दाबत राहा, आतली हवा निघून लोकर पूर्ण भिजेपर्यंत. यात चोळणं नाही हं, फक्त दाबणं. मग जाळीवर बोटं अलगद फिरवायची, बाळाच्या अंगाला तेल लावताना फिरवतो ना तशी, आणि हे सावकाश वीसेक मिनिटं तरी, अल्पाकाला कधीकधी अर्धा तास सुद्धा. मधेमधे जाळी उचलत जा नाहीतर लोकर जाळीतूनच वर येते. मग चिमटा घेऊन बघ. वरचे तंतू एकेकटे उचलले गेले तर अजून वेळ आहे, आणि अख्खा थर कातडीसारखा एकसंध उचलला गेला तर झालं, आता बबल रॅपमध्ये गुंडाळून चारही दिशांनी लाटायला हरकत नाही. गरम पाणी आणि जोर हे सगळ्यात शेवटी, आवळण्यासाठी.

आणि ती आवळते, भरपूर आवळते. बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एकदम गोळा व्हायला लागते. म्हणून कुठलंही मोठं काम करायच्या आधी ३० बाय ३० सेंटीमीटरचा नमुना कर. तो २० बाय २० झाला तर तुला कळलं की २० सेंटीमीटर रुंद मफलर हवा असेल तर ३० मांडावी लागेल. हा नमुना करायचा कंटाळा करू नकोस, कारण प्रत्येक जनावराची लोकर वेगळी वागते.

हे वेगळं वागणं कळायला अल्पाकांच्या फार्मवरच राहायला हवं, म्हणून तू कातरणीच्या सीझनला जातेयस याचा मला इतका आनंद झालाय. अल्पाका दोन जातींचे, वाकाया आणि सुरी. वाकाया फुगीर, अंगभर बारीक कुरळी लोकर, बहुतेक कळपात हेच जास्त. सुरीच्या लांब पीळदार बटा लोंबतात, चकाकी विचारू नकोस, पण फेल्टला अजूनच हळू, म्हणून सुरुवात वाकायापासून कर. एकाच जनावराच्या अंगावर सुद्धा पाठीची आणि कुशीची लोकर सगळ्यात मऊ आणि सारखी, मान त्याच्या खालोखाल, पोट आणि पाय राठ. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. २० च्या आसपासची असेल तर गळ्याशी घाल बिनधास्त, ३० च्या पुढे गेली की टोचायला लागते. पण टोचते म्हणून टाकून देऊ नकोस, सुईने फेल्टिंग करून, म्हणजे कोरड्या लोकरीत सुई टोचत टोचत, बाहुल्या, प्राणी बनवायचे तर आतल्या गाभ्याला हीच कामाला येते. सुई मात्र ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढ, आत वळवलीस की टोक तुटलंच.

धुण्याबद्दल एक सांगते, कारण यात मी स्वतः पोळलेय. अल्पाकाच्या लोकरीत लॅनोलिन जवळजवळ नसतं, म्हणजे मेंढीसारखा तेलकटपणा नाही, पण धूळ मात्र खच्चून, कारण ही मंडळी दिवसातून कितीदा मातीत लोळतात. माझ्या पहिल्या अल्पाकाची पहिली लोकर मी अशीच गरम पाण्यात घालून हाताने घुसळून घुसळून धुतली, मातकट पाणी दिसत होतं म्हणून अजून घुसळली, आणि बाहेर काढली तेव्हा वर्षभराच्या लोकरीचा एकच घट्ट गोळा झाला होता. वर्षातून एकदाच कातरतात गं, पुढच्या वसंतापर्यंत थांबावं लागलं. म्हणून आधी कोरडीच जाळीवर पसरून झटक, काड्या, आखूड तुकडे वेच, मग जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात नुसती बुडवून ठेव. हलवायची नाही, पिळायची नाही, पाणी बदलायचं तर पिशवी उचलून बदलायचं.

फार्मवर पहिले काही दिवस कुणाला मिठ्या मारायला जाऊ नकोस. ते दिसतात खेळण्यासारखे, पण डोक्याला, पायाला हात लावलेला बहुतेकांना आवडत नाही. कुंपणाच्या आत जाऊन एका जागी बस, खाली बघ, चारा चघळण्याचा आवाज ऐक. थोड्या वेळाने एक जण येईल, तुझे केस हुंगेल. म्म्म असा बारीक हुंकार सतत चालू असतो त्यांचा, काळजीत असतील तर तो ताणलेला लागतो, आणि आई पिल्लाशी बोलते तो अगदी हळू, तो फरक तुला आठवडाभरात कळेल. थुंकतात ते बहुतेक चाऱ्यावरून आपसात, तू मधे उभी राहिलीस तरच तुझ्यावर. लेंड्या सगळे एकाच जागी टाकतात, त्यामुळे साफ करणं सोपं, आणि ते लेंडीखत थेट झाडांना घालता येतं.

गाभणकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा, आणि पिल्लं बहुतेक सकाळीच, नाहीतर दुपारपर्यंत होतात, म्हणून सकाळी पहिली फेरी तूच मार. बाकीच्या माद्या भोवती जमून एकेक करून ओल्या पिल्लाला हुंगून जातात, ते बघताना माझं अजूनही काम थांबतं. पिल्लू तास दोन तासात उभं राहून चीक पितंय ना एवढं बघ, आणि नर असेल तर त्याला फार कुरवाळू नकोस, माणसालाच आपल्यातलं समजून मोठेपणी अंगावर धावून येतो. खूप उकडत असेल तर पाणी पोटावर आणि पायांवर मार, पाठीवर नाही, पाठीची लोकर भिजली की आतली उष्णता आतच कोंडते. आणि संध्याकाळी ऊन उतरताना चहा घेऊन बाहेर ये, अचानक एक पिल्लू चारही पाय एकदम उचलून उड्या मारत सुटतं, मग त्याच्या मागे सगळा कळप, म्हाताऱ्या माद्यासुद्धा.

कातरणीच्या दिवशी प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाक, कुणाची, कुठल्या भागाची, कुठल्या तारखेची. त्यातल्या ज्या जनावराने तुला आधी येऊन हुंगलं असेल ना त्याच्या पाठीची दोन मुठी लोकर मागून घे, आणि त्याचा नमुना करून मला पाठव, ३० बाय ३० मांडून. आणि किती मिनिटं दाबलीस ते मागे लिही.

तुझी,
मावशी